कंचनी हे नाव नव्हतं

मेहकरात वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला ‘कंचनी’ हा शब्द दोनदा भेटतो. एकदा महाल म्हणून आणि एकदा शिवी म्हणून. मला आधी शिवी भेटली.

मी नऊ वर्षांची असेन. मामूच्या लग्नात रात्री ढोलकीवर गाणी चालली होती. खोलीत सगळ्या बायकाच होत्या आणि मी मधोमध गिरक्या घेत होते. खाला टाळ्या वाजवत होत्या, दादी हसत होती. तेवढ्यात अम्मी ओले हात पुसत आली, दंडाला धरून मला बाजूला ओढलं आणि म्हणाली, “कायकू नाच रही गे? कंचनी बनना है क्या?” ढोलकी थांबली नाही, पण माझे पाय थांबले. त्यानंतर मी कुठल्याच लग्नात नाचले नाही.

पुढे काही महिन्यांनी अब्बा मला सायकलवर मागे बसवून कुठेतरी निघाले होते. गावातल्या पडक्या महालाकडे बोट दाखवून म्हणाले, “ये देख, कंचनी का महल.” मी विचारलं, “वोहीच कंचनी?” अब्बा हसले आणि पायडल मारत राहिले. शिवीच्या नावाचा एवढा मोठा महाल कसा, हे कोडं मात्र मी घरी घेऊन आले.

आज मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. दोन वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनाच्या तयारीत आठवीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिला आपल्या गावच्या कंचनीवर नाटुकली करायची होती. गोष्ट तिनेच उर्दूत लिहून काढली होती आणि शेवटी अर्ध्या मिनिटाचा नाच ठेवला होता. मी म्हटलं, “कहानी रखो, नाच निकालो.” ती म्हणाली, “मॅडम, ती नाचणारीच होती ना? मग नाच काढला तर उरलं काय?” मागे रांगेत बाकीची पोरं उभी होती, मला घाई होती, पालक काय म्हणतील ही धास्ती होती. माझ्या तोंडून निघून गेलं, “कंचनी बनना है क्या?”

तिने वही मिटली आणि गेली. नाटुकली झाली नाही.

शब्द अम्मीचे होते, सूरही अम्मीचा होता. मी बीएड केलं, वीस वर्षं मुलींना शिकवलं, आणि ऐन वेळेला माझ्याजवळ देण्यासारखं हेच निघालं. तेव्हापासून मी या बाईचा शोध घ्यायला लागले. शोध म्हणजे फार मोठं काही नाही. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ग्रंथालय, जुनी गॅझेटिअरं, घरातली उर्दूची पुस्तकं आणि गावातल्या म्हाताऱ्या बायका.

गोष्ट

आधी गोष्ट सांगते, कारण मेहकरबाहेरच्यांना ती माहीत नसेल. दादी सांगायची ती अशी. मेहकरात एक कंचनी होती. नाचायची, गायची. दौलत इतकी की मोजता येत नव्हती. तिने महाल बांधायला घेतला, सात मजल्यांचा. इतका उंच की सातव्या मजल्यावर चढलं की लोणारच्या देवीपुढचा दिवा दिसला पाहिजे. मजल्यावर मजला चढत गेला. शेवटच्या मजल्यावर ती चढली आणि तिथेच दगडाची झाली. महाल अर्धवट राहिला. गोष्ट संपली की दादी एक वाक्य जोडायची, “औरत को इत्ता ऊपर नहीं चढ़ना.”

आमच्या शेजारच्या काकू हीच गोष्ट त्यांच्या बोलीत सांगायच्या. त्यांच्या गोष्टीत देवीला नाव होतं, कमळजा देवी. कंचनीला मात्र त्यांच्याकडेही दुसरं नाव नव्हतं. “तिले लय गर्व झाला होता, म्हून देवी कोपली,” असं त्या म्हणायच्या. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतो. कुणी म्हणतं देवीने आधी बजावलं होतं, कुणी म्हणतं शाप दिला. पण चार गोष्टी कधी बदलत नाहीत: नाचणारी बाई, उंच महाल, लोणारचा दिवा आणि शिक्षा.

दिवा

यंदा ती मुलगी दहावीत आहे. भूमितीत समरूप त्रिकोण सुरू झाले, तेव्हा एक दिवस मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर उभी राहिली. दोन वर्षांत आमचं नीट बोलणं झालं नव्हतं. तिने वहीत एक मुसल्लस काढला होता. एका टोकाला लोणार लिहिलं होतं, दुसऱ्या टोकाला मेहकर.

तिचा हिशेब इथे देते, कारण तो कुणालाही करून पाहता येईल. कमळजा देवीचं मंदिर लोणारच्या खड्ड्याच्या आत, सरोवराच्या काठाला आहे. उल्केच्या आघाताने झालेला हा खड्डा साधारण १.८ किलोमीटर रुंद आणि वरच्या काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. म्हणजे दिवा एका प्रचंड वाटीच्या तळाशी आहे. तो बाहेरून दिसायचा तर त्याचा उजेड समोरच्या काठावरून निघून मेहकरपर्यंत आला पाहिजे. आपण दिव्याला जास्तीत जास्त सवलत देऊ आणि समोरचा काठ त्याच्यापासून पूर्ण १.८ किलोमीटर लांब आहे असं धरू. एवढ्या अंतरात किरण १३७ मीटर चढला. लोणार ते मेहकर सरळ रेषेत साधारण २० किलोमीटर. तेवढ्या अंतरावर तोच किरण दिव्यापासून सुमारे १,५२० मीटर उंच गेलेला असेल. त्यातून खड्ड्याची खोली वजा केली तरी लोणारच्या काठापासून १,३८० मीटरच्या वर तो आपल्या डोक्यावरून निघून जातो. आणि मेहकर काही त्या काठापेक्षा उंचावर नाही, पैनगंगेच्या बाजूला खालीच आहे.

दुबईचा बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे. कंचनीला त्याच्या दीडपटीहून उंच महाल बांधावा लागला असता. चार मीटरचा एक मजला धरला तर साडेतीनशेच्या आसपास मजले. सात मजल्यांत ती जेमतेम २८ मीटर चढली असती.

वही माझ्या हातात देऊन ती म्हणाली, “मॅडम, दिवा दिसूच शकत नव्हता. मग तिला सजा कशाची?”

गॅझेटिअरं वाचून मला जो प्रश्न पडला नव्हता, तो हा होता. दिवा खड्ड्याच्या काठावर ठेवलेला असता तर गोष्ट वेगळी होती. पण गोष्टीतला दिवा देवीपुढचा आहे, आणि तो मेहकरच्या कुठल्याही गच्चीवरून दिसणं शक्य नव्हतं. इमारत बांधणाऱ्याला, विशेषतः त्या काळच्या गवंड्याला, हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. लोणारला गेलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक असणार. मंदिर गाठायला खड्ड्यात उतरावं लागतं, आणि उतरलं की बाहेरचं काही दिसत नाही. म्हणजे दिव्याची गोष्ट महाल बांधण्याच्या वेळची नाही. महाल पडायला लागल्यावर, तो का पडला याचं कारण म्हणून ती आली असावी. आणि कारण शोधताना लोकांना सगळ्यात सोपी सापडली ती बाई.

शब्द

आता शब्दाकडे येते. आपण सगळे ‘कंचनी’ हे तिचं नाव समजतो. शाळेतल्या मराठी विषयाच्या बाईसुद्धा मला म्हणाल्या, “कांचन म्हणजे सोनं, त्यावरून कंचनी, सुंदर असेल.” सोन्याचा संबंध खरा आहे, पण वेगळ्या वाटेने.

अबुल फज़लच्या ‘आईन-ए-अकबरी’त गाणाऱ्या-वाजवणाऱ्या जमातींची यादी आहे. त्यात कंजरी नावाचा एक वर्ग येतो. त्यांचे पुरुष पखवाज आणि रबाब वाजवतात, बायका गातात आणि नाचतात. तिथेच पुढे नोंद आहे की बादशहा यांना कंचनी म्हणतो. अकबराने लोकांच्या तोंडचा हलका शब्द काढून त्याच्या जागी सोन्याचा शब्द ठेवला. तो शब्दही फारसीतून नव्हे, इथल्या भाषेतून उचलला.

पुढे औरंगज़ेबाच्या काळात दिल्ली पाहिलेला फ्रेंच प्रवासी बर्निए या बायकांबद्दल लिहितो. शहाजहानच्या काळी त्यांना महालात मोकळी ये-जा होती. औरंगज़ेबाने ती बंद केली, पण जुना रिवाज म्हणून दर बुधवारी त्या दरबारात येत, लांबून सलाम करत आणि परत जात. ज्याच्या काळात संगीत पुरलं गेलं असं आपण ऐकतो, त्याच्या दरबारातही दर बुधवारी कंचनींचा सलाम होत होता.

म्हणजे कंचनी हे एका बाईचं नाव नव्हे. तो धंद्याचा, वर्गाचा शब्द आहे, जसा शिक्षिका किंवा डॉक्टरीण. जुन्या मराठीतही कंचनी म्हणजे नाचणारी, कलावंतीण. ‘कंचनीचा महाल’ म्हणजे ‘नर्तकीचा महाल’, इतकंच. आपल्या गावातल्या सगळ्यात प्रसिद्ध बाईचं नाव आपल्याजवळ नाही, आणि नाव नाही हेसुद्धा आपल्या लक्षात आलेलं नव्हतं.

उर्दूत या शब्दाची घसरण आपल्याला माहीतच आहे. बादशहाने दिलेला सोन्याचा शब्द तीनशे-चारशे वर्षांत घरातल्या पोरींना गप्प करण्याच्या कामी आला. बादशहाने शब्द बदलला, लोकांची नजर बदलली नाही. मग नवा शब्दही जुन्याच्याच जागी जाऊन बसला.

गाव

अशी बाई मेहकरसारख्या गावात कशी, असं कुणीही विचारेल. आजचं मेहकर पाहून हा प्रश्न पडतो. त्या काळचं मेहकर वेगळं होतं.

अकबराच्या काळी वऱ्हाडचा सुभा मोगलांकडे आला, १५९६ मध्ये. आईन-ए-अकबरीत या सुभ्याच्या सरकारांची, म्हणजे आजच्या भाषेत जिल्ह्यांची यादी आहे. गाविलगड, नरनाळा, बाशीम, माहूर यांच्याबरोबर त्यात मेहकर आहे. लोणारचा उल्लेखही तिथे मेहकरच्या हद्दीत येतो. ब्राह्मण त्याला विष्णुगया मानतात, आणि तिथल्या खाऱ्या पाण्यातून काच आणि साबण करण्याचा माल निघतो, त्याचं उत्पन्न सरकारला मिळतं, असं अबुल फज़ल लिहितो. लोणारच्या पावित्र्याची आणि लोणारच्या साबणाची नोंद एकाच दमात करणारा हा माणूस मला फार आवडतो.

त्याच्याही आधीची गोष्ट आपल्या मोमीनपुऱ्याची आहे. इंग्रजांच्या गॅझेटिअरमध्ये लिहिलेलं आहे की मेहकरचे मोमीन, म्हणजे मुसलमान विणकर, एके काळी इतके सधन होते की गावाचा तट त्यांनी स्वतः बांधायला घेतला. मोमीनपुऱ्याच्या दरवाजावरचा लेख १४८८ च्या सुमाराचा. म्हणजे बहामनी राज्य खिळखिळं होत होतं आणि वऱ्हाडात इमादशाही उभी राहायच्या बेतात होती, तेव्हा. सुलतान कोण आणि सुभेदार कोण हे रोज बदलत असताना विणकरांनी आपल्या पैशातून गावाला भिंत घातली. पुढे पेंढाऱ्यांनी लुटलं, १८०३ च्या दुष्काळाने उरलंसुरलं संपवलं. मेहकरची धोतरं मात्र इंग्रजांच्या काळापर्यंत नावाजलेली होती.

माग असलेलं गाव, सरकारचं ठाणं, फौजेचा राबता, आणि शेजारी जत्रेचं मोठं ठिकाण. नाचणारीच्या पोटाला आणि नावाला लागतं ते सगळं इथे होतं. ती आकाशातून पडली नव्हती. विणलेल्या कापडाला गिऱ्हाईक होतं तसं तिच्या कलेलाही होतं.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एका सहकाऱ्याने विचारलं, “पण मॅडम, ती तुमच्यातली का आमच्यातली?” दुसऱ्या दिवशी घरी भाईजाननेही नेमकं तेच विचारलं, फक्त उलट्या बाजूने, आणि तो प्रश्न नव्हता, काळजी होती. ती आपल्यातली निघू नये अशी. मी दोघांनाही एकच सांगितलं. जिला महाल बांधून दगड केलं तिच्यावर हक्क सांगायला दोन्ही बाजूंचं कुणी पुढे आलेलं नाही. तिच्या धंद्याचं नाव संस्कृतातून आलेलं, ते ठेवणारा बादशहा मुसलमान, नोंद फारसीत, आणि गोष्टीतला दिवा कमळजा देवीचा. यातलं काय कुणाच्या वाट्याला द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

शेजारणी

कंचनी एकटी नाही. तिच्या आसपासच्या बायका पाहिल्या की तिची गोष्ट जास्त कळते.

मेहकरच्या उत्तरेला, तापीकाठी बुऱ्हाणपूर आहे. तिथली ज़ैनाबादी. शहज़ादा औरंगज़ेब दख्खनचा सुभेदार असताना तिच्या गाण्यावर आणि तिच्यावर जीव टाकून बसला होता. मौलाना आज़ाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते, तेव्हा लिहिलेल्या ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’मध्ये त्यांनी हा किस्सा जुन्या तवारीखेतून काढून फार रंगवून सांगितला आहे. मी तो दरवर्षी मोठ्या वर्गांना सांगते. पण ज़ैनाबादी हेही नाव नव्हे. बुऱ्हाणपूरसमोर नदीपलीकडे ज़ैनाबाद आहे, तिथली ती ज़ैनाबादी. तिचं नाव हीराबाई होतं. ते टिकलं, कारण तिच्यावर जीव लावणारा पुढे बादशहा झाला आणि लिहिणाऱ्यांना त्याची गोष्ट हवी होती.

मांडूची रूपमती घ्या. किल्ल्याच्या दक्षिण कड्यावर रूपमतीचा मंडप आहे. रूपमतीला रोज नर्मदेचं दर्शन व्हावं म्हणून बाज़बहादूरने तो बांधला, अशी गोष्ट सांगतात. अभ्यासक सांगतात की ती मुळात टेहळणीची चौकी होती. गाणारी बाई, उंच इमारत आणि लांबवर दिसणारं पवित्र काहीतरी. आपल्या गोष्टीचीच ही बहीण. फरक एवढाच की रूपमतीला नदी दिसते आणि लोक तिला सती मानतात, कंचनीला दिवा दिसत नाही आणि लोक तिला दगड करतात. रूपमतीच्या मागे सुलतान होता. कंचनीच्या गोष्टीत कुणी पुरुष नाही. तिने महाल स्वतःच्या पैशाने बांधायला घेतला होता. मला वाटतं, तिचा गुन्हा तोच.

तिसरी शेजारीण हैदराबादची माहलक़ा बाई चंदा, १७६८ ते १८२४. त्या काळात वऱ्हाड निज़ामाच्या दफ्तरात होता, म्हणून तीही आपल्याला परकी नाही. नाचणारी, गाणारी, जहागीरदार, आणि उर्दूत दीवान असलेली शायर. मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी तिने आपल्या आईची, राज कुंवर बाईची कबर बांधली आणि स्वतःही तिथेच दफन झाली. तिच्याबद्दल आज पुस्तकं लिहिली जातात. तिने स्वतः लिहिलं आणि आईचं नाव दगडावर ठेवलं, म्हणून.

आणि महाराष्ट्रात तर अशा बायका डोंगराडोंगरावर आहेत. प्रबळगडाशेजारी कलावंतीण सुळका आहे, पन्हाळ्यावर नायकिणीचा सज्जा आहे. जिथे चढताना धाप लागते तिथे कुणीतरी बिननावाची कलावंतीण बसवलेली. शनिवार-रविवारी पोरं चढतात, फोटो काढतात. ती कोण होती, हे विचारायचं राहून जातं.

कवी

कंचनीला गावाने अगदीच टाकलं असंही नाही. मेहकरातले वकील आणि कवी ना. घ. देशपांडे यांनी तिच्यावर कविता लिहिली, आणि त्यांच्या एका संग्रहाचं नावच ‘कंचनीचा महाल’ आहे. ना. घं. चा जन्म १९०९ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या शेंदुर्जनचा. आयुष्य मेहकरात गेलं. १९८६ मध्ये ‘खूणगाठी’साठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २००० साली ते गेले.

मराठी शिकवताना मी मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगते. ना. घं. ची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली, १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तिची तबकडी निघाली आणि मराठी भावगीताची वाट तिथून सुरू झाली असं मानतात. पुढे हेच जोशी एचएमव्हीत अधिकारी झाले आणि बडे ग़ुलाम अली ख़ाँ, अमीर ख़ाँ यांच्यासारख्या उस्तादांची गाणी त्यांनी तबकडीवर उतरवून घेतली. मेहकरच्या एका वकिलाच्या कवितेपासून निघालेला धागा कुठवर गेला बघा.

त्या तबकडीचं मला वेगळ्या कारणाने महत्त्व वाटतं. तबकडीवर गाणाऱ्याचं नाव छापलेलं असायचं. गाणारीचं, वाजवणाऱ्याचं नाव कागदावर येणं ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. कंचनीच्या काळी नाच संपला की संपला. ऐकणाऱ्याच्या डोळ्यात, कानात राहिला तेवढा. तो माणूस गेला की तोही गेला. तिच्याकडे उरण्यासारखी एकच वस्तू होती, इमारत. महालावर तिचं नाव नाही, पण महालामुळेच निदान तिचा धंदा तरी आपल्यापर्यंत पोचला. सात मजल्यांचा हट्ट तिने दिव्यासाठी केला असेल असं मला आता वाटत नाही. माहलक़ाने दीवान लिहिला, आईची कबर बांधली. हिने महाल बांधला. मागे काही राहावं, इतकीच इच्छा असेल.

अम्मी

त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मी तिला लगेच दिलं नव्हतं. “सजा कशाची?” या प्रश्नावर शिक्षिकेने द्यावं असं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आधी मी तिची माफी मागितली. दोन वर्षांपूर्वी जे बोलले होते ते बोलायला नको होतं, असं सांगितलं. ती गडबडली, “जाऊ द्या ना मॅडम,” म्हणाली. मग मी तिला आईनमधलं ते वाक्य वाचून दाखवलं. अकबराने हा शब्द इज़्ज़त म्हणून दिला होता, हे ऐकून तिने पुन्हा विचारलं, “खरंच?” मी पुस्तक तिच्याकडे फिरवलं.

मागच्या जुम्याला अम्मीकडे गेले होते. अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे दुखतात, दिवसभर पलंगावरच असते. तिला सगळं सांगितलं. बुधवारचा सलाम, ज़ैनाबादी, दिव्याचा हिशेब. बुर्ज खलिफाचं ऐकून ती हसली. मग मी मामूच्या लग्नाची आठवण काढली. वाटलं होतं तिला ते आठवणार नाही. तिला आठवत होतं.

थोडा वेळ ती गुडघ्याला तेल चोळत राहिली. मग म्हणाली, “मैं बी नाचती थी. अच्छा नाचती थी. मेरेकू मेरी माँ ने वहीच बोली थी.”

आमच्या खानदानात ही शिवी किती पिढ्यांपासून चालत आली असेल, हे कुठल्या गॅझेटिअरमध्ये मिळणार नाही. माझ्यापुरता तिचा शेवट मी केला आहे. शाळेच्या भिंतीवर आम्ही गावाच्या इतिहासाचा एक तक्ता लावतोय, उर्दू आणि मराठीत. मोमीनपुऱ्याचा दरवाजा, शारंगधराचं मंदिर, ना. घ. देशपांडे, आणि महाल. महालाच्या फोटोखाली काय लिहायचं ते त्या मुलीने ठरवलं. तिने दोन ओळी लिहून दिल्या: हा महाल एका नर्तकीचा आहे. तिचं नाव लिहून ठेवायला कुणाला सुचलं नाही.

मी त्यात काही बदललं नाही. फक्त खाली मुलीचं पूर्ण नाव लिहायला लावलं.